बागेच्या दारावरचं पुनरुत्थान
आंतिनोरी घराण्याच्या एका शिल्पाचा मालकी-इतिहास

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन म्युझियमच्या संग्रहात भाजलेल्या मातीचं एक भलंमोठं उठावशिल्प आहे. आकार अर्धवर्तुळाचा, रुंदी 364.5 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ बारा फूट, आणि उंची पावणेसहा फुटांच्या आसपास. मधोमध कबरीतून उठलेला ख्रिस्त आहे, हातात ध्वज. भोवती चिलखतातले रोमन शिपाई. मागे निळं आकाश आणि हिरवी झाडं. या सगळ्याला फळांपानांचा जाडजूड घेर आहे, त्यात छोटे छोटे प्राणी दडलेले. पाचशे वर्षांपूर्वीची माती, पण चकाकी अशी की काल भट्टीतून काढली असावी.

ख्रिस्ताच्या उजव्या हाताला एक गृहस्थ गुडघे टेकून, हात जोडून बसला आहे. बायबलच्या कथेत हा माणूस कुठेच नाही. तो आहे फ्लॉरेन्सचा निकोलो दि तोम्मासो आंतिनोरी. शिल्प त्यानंच करवून घेतलं. घेराच्या खालच्या दोन्ही टोकांना त्याच्या घराण्याची ढालीसारखी मुद्रा आहे, आत निळ्या-सोनेरी शंकरपाळ्या. करणारे हात जोवान्नी देल्ला रोब्बियाच्या कारखान्यातले, काळ साधारण 1520 ते 1524.

कलावस्तूचा मालकी-इतिहास लिहिणारे सहसा कागदांच्या मागे असतात. विक्रीची पावती, मृत्युपत्र, लिलावाची यादी, पेटीवर चिकटवलेली चिठ्ठी असं काहीबाही त्यांना हवं असतं. या शिल्पाच्या बाबतीत पहिला कागद मातीतच भाजला गेला आहे. मालकाचा चेहरा आणि मालकाची मुद्रा दोन्ही चकाकीखाली बंद. त्या पुसता येत नाहीत, खरवडता येत नाहीत. तरीही शिल्प घरातून गेलं, समुद्रापार गेलं आणि दुसऱ्याच्या नावावर नोंदलं गेलं. हे कसं झालं ते सांगताना मला सारखं एका गोष्टीकडे वळावं लागतं: हे शिल्प एकसंध नाही. ते 46 तुकड्यांचं आहे.

सांधे

तुकड्यांचं कारण कुंभाराला विचारलं तर तो लगेच सांगेल. मातीचा एवढा मोठा, जाड गोळा एकदम भट्टीत घातला तर तो तडकतो. जाड भाग सावकाश सुकतो, पातळ भाग लवकर, आणि दोघांच्या ओढाताणीत भेग पडते. शिवाय बारा फुटांची भट्टी कोण बांधणार? म्हणून देल्ला रोब्बियांकडे मूर्ती आधी सबंध घडवायची, मग ओलसर असतानाच तिचे तुकडे कापायचे आणि प्रत्येक तुकडा मागून पोखरून भिंत सगळीकडे सारख्या जाडीची करायची, अशी रीत होती. काप कुठे घ्यायचा यात सगळं कसब. गळ्यापाशी, कपड्याच्या चुणीत, फांदीच्या कडेला, कवचाच्या काठावर. म्हणजे जोडल्यावर सांधा रेषेत हरवून जातो. तुकडे दोनदा भाजायचे: एकदा नुसती माती, दुसऱ्यांदा वर चकाकी चढवून. मग ते जागेवर नेऊन चुन्यात बसवायचे.

चकाकी हा देल्ला रोब्बिया घराण्याचा खरा ठेवा. शिशाच्या काचेत कथलाची राख मिसळली की ती काच दुधासारखी पांढरी आणि अपारदर्शक होते. भांड्यांवर हे तंत्र आधीपासून होतं, इस्लामी देशांतून स्पेनमार्गे ते इटलीत आलं होतं. लुका देल्ला रोब्बियानं 1440च्या सुमारास ते शिल्पावर आणलं, आणि असं जमवून आणलं की लेप जाडही बसत नाही, ओघळतही नाही, मूर्तीच्या ओठांची कड बुजवत नाही. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं, जांभळ्यासाठी मँगनीज, पिवळ्यासाठी अँटिमनी. माती आणि लेप निवताना जवळजवळ सारखेच आकसले पाहिजेत, नाहीतर वर जाळी पडते. हे गणित त्यांना साधलं होतं.

पणजीला मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातल्या निळ्या-पांढऱ्या फरशा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या पांढऱ्याची कल्पना येईल. पोर्तुगीज आझुलेजू म्हणतात ते हेच कथिल-पांढऱ्याचं कूळ. तिथल्या फरशा 1935च्या, शाखाही निराळी, पण मूळ एक.

आता मालकीशी थेट लागणारी गोष्ट. लुकाचं लग्न झालेलं नव्हतं. 1471च्या मृत्युपत्रात त्यानं आपली उरलेली मालमत्ता सिमोने नावाच्या पुतण्याला दिली. दुसरा पुतण्या आंद्रेआ, जो कारखान्यात त्याच्याबरोबर काम करायचा, त्याच्याविषयी त्यानं लिहिलं ते असं: याला मी माझी विद्या शिकवली आहे, तिच्यावर तो आपलं घर चालवू शकतो, म्हणजे त्याचा वाटा त्याला मिळालाच आहे. एका कारागिरानं हातातलं कसब हे घर-जमिनीच्या तोडीचं धन म्हणून वाटणीत धरलं! मला या साऱ्या प्रकरणात हा कागद सर्वांत मोलाचा वाटतो. आंद्रेआनं ती विद्या आपल्या मुलांना दिली. त्यांच्यातला एक जोवान्नी, जन्म 1469चा. लुकाचं काम बहुतेक निळं-पांढरं, शांत. जोवान्नीच्या हाती ते रंगानं भरून गेलं. अभ्यासक त्याला कधी कधी भडक म्हणून नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. आंतिनोरीच्या शिल्पातला फळांचा घेर बागेत टांगायचा होता. हिरव्या पानांच्या गर्दीत निळं-पांढरं शिल्प विरून गेलं असतं. जोवान्नीनं बागेशी बरोबरी करील असा रंग दिला.

आणि सांधे? एक घराणं चारशे वर्षं ज्या शिल्पाखालून ये-जा करत राहिलं, ते शेवटी उतरवता आलं ते या सांध्यांमुळे. भित्तिचित्र भिंतीवरून सोलावं लागतं आणि सोलताना त्याचा जीव अर्धा होतो. संगमरवराच्या एवढ्या मोठ्या शिळेला गाडा लागतो. पण चुन्यात बसवलेले 46 तुकडे चुना फोडून एकेक काढले, गवतात गुंडाळून पेट्यांत भरले की जहाजावर चढले. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात देल्ला रोब्बियांची कामं लंडन, पॅरिस, बर्लिन, न्यूयॉर्ककडे इतक्या संख्येनं गेली, त्यामागे आवड होतीच, पण ही सोयही होती. भट्टीच्या अडचणीसाठी शोधलेली युक्ती चार शतकांनी व्यापाऱ्याच्या कामाला आली.

दार

शिल्प कुठे होतं? चर्चमध्ये नव्हतं. फ्लॉरेन्सबाहेर आंतिनोरींची ले रोझे नावाची वाडी होती (‘व्हिला’ला मला हाच शब्द जवळचा वाटतो), तिच्या बागेच्या दारावर ते बसवलं होतं.

धार्मिक शिल्प आणि बागेचं दार ही जोडी आज विजोड वाटेल. त्या काळच्या फ्लॉरेन्सला ती तशी वाटत नसे. रस्त्याच्या कोपऱ्यावर, घराच्या भिंतीत, अनाथाश्रमाच्या ओसरीवर, धान्यबाजाराच्या जागी उभ्या राहिलेल्या ओर्सानमिकेले चर्चच्या बाहेरच्या अंगाला, सगळीकडे चकाकीच्या मातीच्या मूर्ती होत्या. ऊन-पाऊस सोसणारी ती एकच रंगीत मूर्तिकला होती. रंगवलेलं लाकूड बाहेर कुजतं, रंगवलेला दगड दोन-चार पावसाळ्यांत फिका पडतो. काच फिकी पडत नाही. मेदिची घराण्याच्या करेज्जीच्या वाडीसाठीही शिल्पकार व्हेर्रोक्कियोनं त्याआधी भाजक्या मातीत ख्रिस्ताचं पुनरुत्थान केलं होतं, पण ते रंग लावलेलं, चकाकीचं नव्हे.

तरी प्रश्न राहतोच, दारावर पुनरुत्थानच का? माझं उत्तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात आहे. येशूला जिथे क्रूसावर दिलं तिथे एक बाग होती आणि त्या बागेत नवी कबर होती, असं त्यात म्हटलं आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे मग्दालिया मरिया तिथे येते, कबर रिकामी पाहून रडत उभी राहते. मागे वळते तर कोणी उभा आहे. तिला वाटतं, हा माळी असावा. ती त्याला म्हणते, तू त्याला उचलून नेलं असशील तर कुठे ठेवलंस ते सांग.

पुनरुत्थान बागेत घडलं, आणि उठलेल्या ख्रिस्ताला पहिल्यांदा पाहणारीनं त्याला माळी समजलं. हे ध्यानात घेऊन दाराकडे पाहा. खरी झाडं, त्यांच्यात मातीची झाडं. खरी फळं, त्यांच्यावर फळांचं कायमचं तोरण. दारातून आत शिरणारा माणूस त्या पहाटेच्या बागेत शिरतो. आणि यजमान आधीच गुडघे टेकून तिथे बसलेला. निकोलोनं आपल्याला चर्चच्या वेदीपाशी नव्हे, स्वतःच्या बागेच्या उंबऱ्यावर, त्या घटनेचा साक्षीदार करून घेतलं. म्हणूनच मला वाटतं की या शिल्पाचा अर्थ अर्धा त्याच्या आकृतींत होता आणि अर्धा त्या जागेत.

हे घराणं कोणतं हेही थोडक्यात सांगायला हवं. 1385 मध्ये जोवान्नी दि पिएरो आंतिनोरी फ्लॉरेन्सच्या वाइन-व्यापाऱ्यांच्या संघात दाखल झाला. तेव्हापासून आजवर हे घराणं वाइनच्या धंद्यात आहे. निकोलोनं 1506 मध्ये शहरातला एक देखणा वाडा विकत घेतला. तो आजही आंतिनोरी वाडा म्हणूनच ओळखला जातो आणि त्यांच्याच ताब्यात आहे. म्हणजे निकोलो घर कमावणारा माणूस होता. शहरात वाडा आणि बाहेर बाग, असं त्याचं कर्तृत्व. शिल्प हे त्या कमाईवरचं देवाचं नाव.

त्यानंतरच्या पावणेचारशे वर्षांबद्दल मालकी-इतिहास एका ओळीत संपतो: वारसाहक्कानं घराण्यातच. यादी वाचणारे ही ओळ भरकन ओलांडतात. मला तिथे थांबावंसं वाटतं, कारण देल्ला रोब्बियांच्या फार थोड्या कामांना ती लाभली. प्रजासत्ताक बुडालं, मेदिची ड्यूक झाले, मग लोरेनचे राजे, मग नेपोलियन, मग एकत्र इटली. आणि दारावर तोच गुडघे टेकलेला पूर्वज.

1898

1898 मध्ये शिल्प ए. ऑगस्टस हिली यांनी विकत घेतलं. 1899 मध्ये त्यांनी ते ब्रुकलिनच्या संग्रहालयाला देऊन टाकलं.

हिली चामड्याचे व्यापारी होते आणि संग्रहालय ज्या ब्रुकलिन इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली होतं तिचे अध्यक्ष होते. त्यांची ही खरेदी समजून घ्यायची तर त्या दोन-तीन वर्षांचं ब्रुकलिन डोळ्यांसमोर आणावं लागतं. तोपर्यंत ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होतं. 1 जानेवारी 1898 रोजी ते न्यूयॉर्क महानगरात विलीन झालं. आदल्याच वर्षी, 1897 मध्ये, संग्रहालयाच्या भव्य नव्या इमारतीचा पहिला भाग उघडला होता. स्वतःचं नाव गमावणाऱ्या शहराजवळ मोठ्या इमारती होत्या आणि आत ठेवायला फारसं काही नव्हतं. नदीपलीकडच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला आंद्रेआ देल्ला रोब्बियाचं वेदीवरचं शिल्प हेन्री मार्क्वांड यांच्याकडून 1882 मध्येच मिळालं होतं. त्यांचा मुलगा ॲलन मार्क्वांड प्रिन्स्टनला कलेतिहासाचा प्राध्यापक होता आणि पुढे त्यानं देल्ला रोब्बिया घराण्याच्या कामांची एकेक माणूस घेऊन तपशीलवार सूची केली. अमेरिकेत ही आवड रुजत होती. हिलींनी आपल्या संग्रहालयासाठी बारा फुटांची वस्तू नेली, यात शहराचा मानही होता.

आणि फ्लॉरेन्स? 1865 ते 1871 या काळात ते इटलीची राजधानी होतं. राजधानी रोमला गेली आणि शहर कर्जात राहिलं. 1880च्या पुढे जुनी बाजारपेठ पाडून मोठा चौक काढला, तेव्हा जुन्या घरांचे दरवाजे, कमानी, मुद्रा, कोनाडे गाड्या भरभरून व्यापाऱ्यांकडे गेले. त्याआधी धार्मिक संघ बरखास्त झाले होते, नेपोलियनच्या काळात एकदा आणि 1866च्या कायद्यानं पुन्हा. त्यांच्या मठांतल्या वस्तूही बाजारात आल्या होत्या. जुन्या वस्तूला भिंतीवरून उतरवणं हे त्या पिढीला नवीन राहिलं नव्हतं.

कायद्याचं काय? एकत्र इटलीला पुराणवस्तूंसाठी साऱ्या देशाचा असा कायदा 1902 मध्ये मिळाला, आणि त्याला धार आली 1909 मध्ये. तोवर जुन्या संस्थानांचे आपापले नियम चालू ठेवले होते. त्यांत सर्वांत कडक रोमचा, पोपच्या राज्यातला 1820चा हुकूम. म्हणून 1899 मध्ये रोमच्या किजी राजपुत्रानं चित्रकार बोत्तिचेल्लीचं येशूच्या आईचं, मरियेचं चित्र विकलं आणि ते परदेशी गेलं, तेव्हा त्याच्यावर खटला झाला, जबर दंड बसला. अपिलात तो जवळजवळ नावापुरता उरला. चित्र बॉस्टनला कलासंग्राहक इझाबेला स्टुअर्ट गार्डनरच्या घरी गेलं ते तिथेच आहे. आंतिनोरींचं शिल्प आणि हे चित्र यांच्यात एका वर्षाचं अंतर आहे. दोन्ही खासगी मालकांची, दोन्ही त्या फटीतून निघून गेलेली जी पुढच्या दहा वर्षांत कायद्यानं बुजवली.

आजच्या नजरेनं 1898च्या व्यवहाराला चोरी म्हणण्याचा मोह काहींना होतो. मी म्हणणार नाही. घराणं मालक होतं, त्यानं वस्तू हातची जाऊ दिली, घेणाऱ्यानं ती उघडपणे घेतली आणि वर्षभरात सार्वजनिक केली. सक्ती नाही, लूट नाही, लपवाछपवी नाही. गमावलं काय, ते वेगळं. दार गमावलं. बागेतून बाग उचलून नेता येत नाही.

99.5

संग्रहालयाच्या वहीत या शिल्पाचा क्रमांक 99.5 असा आहे. पहिले दोन आकडे वर्षाचे. हा क्रमांक जितका जुना, तितकी पुढची चिंता कमी, असं या क्षेत्रात मानतात आणि ते खरं आहे. युरोपातून आलेल्या कोणत्याही वस्तूचा कागद तपासताना आज सर्वांत आधी 1933 ते 1945 ही वर्षं पाहिली जातात, कारण त्या काळात ज्यू घरांतून ओरबाडलेल्या वस्तू बाजारात फिरल्या. आंतिनोरी शिल्प तेव्हा तीन-चार दशकं ब्रुकलिनच्या भिंतीवर होतं. तो प्रश्न इथे उठतच नाही.

दुसरी चिंता नकलांची, आणि देल्ला रोब्बियांच्या बाबतीत ती फार मोठी आहे. 19व्या शतकात फ्लॉरेन्सच्या कान्तागाल्ली कारखान्यातून आणि जिनोरींच्या कारखान्यातूनही त्या धाटणीची कामं निघत होती, काही अतिशय चांगली. कान्तागाल्लीची खूण कोंबडा, कारण त्या आडनावातच आरवणारा कोंबडा आहे. खूण असली तर प्रश्न नाही. खूण नसलेली, मुद्दाम जुनाट केलेली मरिया-बाळाची शिल्पं जगभरच्या बैठकीच्या खोल्यांत आहेत. नुसत्या नजरेनं ती ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. माती शेवटची कधी भाजली ते प्रकाशाच्या मोजमापानं शोधण्याची चाचणी आज आहे, पण चाचणीआधीही वंशावळ कामाला येते. ज्या शिल्पात करवून घेणाऱ्याची मुद्रा आहे, जे त्याच्याच वंशजांच्या दारावरून उतरलं आणि एकाच हातातून संग्रहालयात आलं, त्याच्याविषयी शंका घ्यायला जागा राहत नाही.

मालकांची नावं अशी सलग सांगता येणं किती दुर्मीळ, हे कळायला दुसरं एक शिल्प शेजारी ठेवून पाहावं. मेट्रोपॉलिटन म्युझियममधला आंद्रेआ देल्ला रोब्बियाचा संत मायकेल. तोही अर्धवर्तुळातच, 1475च्या सुमाराचा, हातात तलवार आणि तराजू. तो फाएन्झा गावातल्या संत मायकेलच्या चर्चसाठी केलेला. फाएन्झा म्हणजे कुंभारांचं गाव, चकाकीच्या भांड्यांना फ्रेंचांनी नाव दिलं तेच मुळी या गावावरून. अशा गावानं मूर्ती फ्लॉरेन्सहून मागवली, याहून मोठी पावती आंद्रेआला कोणती हवी! पण 18व्या शतकाच्या अखेरीस चर्चच उरलं नाही, आणि संताला घर नाहीसं झालं. हातोहात होत 1960 मध्ये तो मेट्रोपॉलिटननं विकत घेतला. 2008 मध्ये 30 जून आणि 1 जुलै यांच्यामधल्या रात्री तो दारावरच्या आपल्या जागेवरून निसटून दगडी फरशीवर पडला, कारण त्याला धरून ठेवणारे धातूचे आधार सुटले होते. तुकड्यांची जुळणी करायला वर्षं लागली. तो परत उभा राहिला, ते काम अप्रतिम झालं. पण फाएन्झाच्या त्या चर्चच्या वतीनं विचारपूस करायला कोणी वारस उरला नव्हता. आंतिनोरींच्या गोष्टीत वारस आहे, आणि पुढचा भाग त्याच्यामुळेच घडला.

वारस परत येतो

2016 मध्ये बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सनं देल्ला रोब्बियांवर मोठं प्रदर्शन भरवलं. अमेरिकेत असं प्रदर्शन आधी झालं नव्हतं. त्यासाठी ब्रुकलिनचं पुनरुत्थान हवं होतं. ते शतकाहून अधिक काळ साठलेल्या धुळीनं काळवंडलेलं, जुन्या डागडुजीचे रंग उतरलेलं, प्रवासाला निघण्याच्या स्थितीत नव्हतं. साफसफाई आणि नवी बांधणी यांना पैसे लागणार होते. ते आंतिनोरी घराण्यानं दिले.

तेव्हा घराण्याचे वडील होते पिएरो आंतिनोरी, आणि बरोबर त्यांच्या तीन मुली. ज्या वस्तूवर आपला हक्क नाही, ती परत मिळणार नाही, मागायचीही नाही, तिच्या डागडुजीचा खर्च त्यांनी उचलला. ब्रुकलिनमध्ये सांधे पुन्हा सुटे झाले. तुकडे एकेक करून धुतले गेले, जुन्या दुरुस्त्यांचे विटलेले थर काढले, आणि सगळं नव्या आधारावर असं बसवलं की ते पुन्हा उतरवता यावं. 1898 मध्ये ज्या सांध्यांनी शिल्पाला घराबाहेर काढलं, त्यांनीच या वेळी त्याला बरं केलं.

इथे शंका घेणारे आहेत. वाइनच्या कंपनीला नाव हवं होतं, म्हणतात. असेल. निकोलोलाही हवं होतं. मुद्रा दोन टोकांना एकदा नव्हे, दोनदा आहे. देवकार्यात आपलं नाव कोरून घेणाऱ्याला फ्लॉरेन्सनं कधी खोटा भक्त म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की पैसे देताना मालकीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी स्वच्छ ठेवला गेला. शिल्प ब्रुकलिनचंच राहिलं.

बॉस्टनच्या प्रदर्शनात त्याच्याबरोबर पिस्तोइयाच्या चर्चमधून आलेली लुकाची ‘भेट’ होती: वयस्क अलीशिबा आणि तिला भेटायला आलेली येशूची आई, तरुण मरिया, दोघी शुभ्र पांढऱ्या, एकमेकींना धरून. ती 1440च्या दशकातली, अजूनही ज्या चर्चमध्ये आहे त्याच चर्चची. 2017 मध्ये दोन्ही शिल्पं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत गेली. प्रदर्शन संपल्यावर मरिया आणि अलीशिबा आपल्या गावी, आपल्या चर्चमध्ये परतल्या. पुनरुत्थानही इटलीकडे निघालं, पण पाहुणा म्हणून.

2017-18च्या हिवाळ्यात ते फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात मांडलं गेलं. एकशेवीसएक वर्षांनी ते आपल्या शहरात आलं. बार्जेल्लोत देल्ला रोब्बियांची कामं दालनं भरून आहेत, आणि करेज्जीच्या वाडीचं व्हेर्रोक्कियोचं पुनरुत्थानही तिथेच आहे. म्हणजे मेदिचींच्या वाडीचा ख्रिस्त आणि आंतिनोरींच्या वाडीचा ख्रिस्त एका छताखाली आले. दोघांचीही जागा सुटलेली. घराण्यानं स्तेफानो आरिएंती या आजच्या कलावंताकडून या शिल्पाला उत्तर म्हणून नवं काम करवून घेतलं, तेही दाखवलं गेलं. जुनं काम परत मागण्याऐवजी नवं काम सांगणं ही मला या घराण्याची सर्वांत समंजस कृती वाटते. कारागिराला काम देणं हेच त्यांच्या पूर्वजानं केलं होतं.

ते इटलीतच ठेवून घ्यायला हवं होतं का? कोणी म्हणेल, दार जिथे आहे तिथे शिल्प हवं. मनानं मी त्या बाजूचा आहे. पण बागेच्या दारावर पाऊस आहे, चुना आहे, चोर आहेत, आणि ज्या काळात ते तिथे शोभत होतं त्या काळी त्याखालून रोज जाणारं घर होतं. शिवाय ब्रुकलिनमध्ये ते गेली सव्वाशे वर्षं आहे. ज्या शाळकरी मुलांनी पिढ्यान् पिढ्या त्या फळांच्या घेरात दडलेले प्राणी शोधले, त्यांचाही त्यावर काही शब्द आहे. मला हवी होती ती एवढीच गोष्ट, की शिल्पासमोर उभ्या राहणाऱ्याला कळावं: हे भिंतीसाठी नव्हतं, दारासाठी होतं, आणि पलीकडे बाग होती. ते सांगितल्याशिवाय गुडघे टेकलेला माणूस अनोळखीच राहतो.

फ्लॉरेन्सहून पेट्या पुन्हा अटलांटिकपार गेल्या. ब्रुकलिनच्या नोंदीत शिल्पाच्या नावाखाली आजही लिहिलेलं आहे: ए. ऑगस्टस हिली यांची देणगी. त्या ओळीच्या वर, चकाकीखाली, हात जोडून बसलेला दाता दुसराच आहे.